चुलीचा हिशेब टक्क्यांत मांडू नका

घरगुती गॅसचा भाव वाढला की दोन दिवस वर्तमानपत्रांत आकडे झळकतात. विरोधी पक्ष भर चौकात चूल मांडून भाकऱ्या थापतात, सत्ताधारी आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी सारे शांत होते. वाढलेला भाव तेवढा मागे राहतो. पक्ष कोणताही सत्तेवर असो, हा प्रयोग आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. भाव वाढल्यावर किती घरांतली गॅसची शेगडी थंड पडली आणि किती घरांत पुन्हा सरपण आले? या प्रश्नाचे अधिकृत उत्तर नियमाने देणारी कोणतीही यंत्रणा आपल्या देशात नाही. जे मोजले जात नाही ते वेतनाच्या हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात येत नाही त्याची भरपाई मिळत नाही.

आम्ही हा प्रश्न आजच उपस्थित करतो, याला कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आणि अहवालासाठी त्याला १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. त्याच महिन्यात वेतन संहितेची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान वेतन आणि कंत्राटी मजुराचे किमान वेतन, दोन्हींचा हिशेब नव्याने मांडला जाण्याची ही वेळ आहे. या हिशेबात धान्य ग्रॅममध्ये मोजले जाते, कापड मीटरमध्ये मोजले जाते. इंधन मात्र टक्क्यांत मोजले जाते. आमच्या मते गफलत नेमकी इथे आहे.

भावाचा आलेख

प्रथम गेल्या काही वर्षांचे भाव पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पुढील सर्व भाव दिल्लीचे आहेत. भुसावळला, इटारसीला किंवा हुबळीला वाहतुकीप्रमाणे थोडा फरक पडतो, चित्र तेच राहते.

२०१६ साली अनुदानित सिलिंडर सव्वाचारशे रुपयांच्या आसपास मिळत होता. मे २०२० मध्ये जागतिक बाजार कोसळला, विनाअनुदानित सिलिंडर ५८१ रुपये ५० पैशांवर आला आणि बाजारभाव व अनुदानित भाव यांत अंतर उरले नाही. अंतर नाही म्हणून बहुसंख्य ग्राहकांच्या खात्यात येणारे अनुदान थांबले. इथवर कोणाची तक्रार असायचे कारण नव्हते. परंतु पुढे बाजार चढला तेव्हा थांबलेले अनुदान पुन्हा सुरू झाले नाही. जुलै २०२१ मध्ये भाव ८३४ रुपये ५० पैसे झाला, मे २०२२ मध्ये त्याने हजाराचा आकडा ओलांडला आणि मार्च २०२३ मध्ये तो ११०३ रुपयांवर पोहोचला. ऑगस्ट २०२३ अखेर २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये उतरले, तेव्हा तो ८०३ झाला. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपये चढून ८५३ झाला.

आता याच काळातले आपले पगारपत्रक आठवा. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ हे महागाई भत्त्याचे तीन हप्ते सरकारने गोठवले. भत्ता १७ टक्क्यांवर थिजला होता. जुलै २०२१ पासून तो २८ टक्के झाला, पण मधल्या १८ महिन्यांची थकबाकी बुडाली ती बुडालीच. त्याच दरम्यान, मे २०२० ते जुलै २०२१ या चौदा महिन्यांत, सिलिंडर ५८१ वरून ८३४ वर गेला. वाढ सुमारे ४३ टक्क्यांची. एकीकडे अनुदान बंद, दुसरीकडे भत्ता बंद. या दोन दारांमध्ये कामगाराचे बोट सापडले. महासाथीच्या दिवसांत मालगाड्या चालवणारा रेल्वे कामगार आणि दारोदार औषधे व पैसे पोहोचवणारा पोस्टमन घरी परतल्यावर वाढीव भावाचा सिलिंडर लावत होता, तो गोठवलेल्या भत्त्यातून.

इंधन-दारिद्र्य म्हणजे काय

परदेशांत या प्रश्नाला स्वतंत्र नाव आहे. आपण त्याला इंधन-दारिद्र्य म्हणू. ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन या संशोधिकेने १९९१ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि एक सोपी कसोटी मांडली. घर पुरेसे उबदार ठेवण्यासह घरगुती ऊर्जेच्या रास्त गरजेसाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागेल, ते इंधन-दरिद्री. इथे ‘करावा लागेल’ या शब्दांना महत्त्व आहे. कुटुंब प्रत्यक्षात किती खर्च करते हे पाहायचे नाही, गरज भागवायला किती लागेल हे पाहायचे. कारण गरीब माणूस बिल परवडत नाही म्हणून थंडीत कुडकुडत बसतो, आणि मग त्याचा खर्च कमीच दिसतो. २००१ साली ब्रिटिश सरकारने ही दहा टक्क्यांची कसोटी आपल्या धोरणात स्वीकारली.

या कसोटीचे पुढे इंग्लंडमध्ये काय झाले, ते आपल्याला बोधप्रद आहे. २०१३ साली तिथे व्याख्या बदलली आणि २०२१ साली पुन्हा बदलली. नव्या व्याख्येप्रमाणे कुटुंब गरीब असले पाहिजे आणि त्याचे घरही ऊर्जेच्या दृष्टीने खालच्या दर्जाचे असले पाहिजे. घर ठरावीक दर्जाचे असेल तर बिल कितीही आले तरी ते कुटुंब यादीत येत नाही. यानंतर ऊर्जेच्या भावाचा भडका उडाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण घराच्या वार्षिक बिलाची कमाल मर्यादा १२७७ पौंड होती, ती एप्रिल २०२२ मध्ये १९७१ पौंड झाली. ऑक्टोबर २०२२ साठी ३५४९ पौंड जाहीर झाले, तेव्हा सरकारला मध्ये पडून सर्वसाधारण बिल २५०० पौंडांच्या आसपास रोखावे लागले. बिल जवळजवळ दुप्पट झाले. अधिकृत इंधन-दारिद्र्य किती वाढले? २०२१ मध्ये ते सुमारे १३ टक्के होते आणि २०२३ मध्येही सुमारे १३ टक्केच होते! त्याच सरकारी अहवालात दहा टक्क्यांच्या कसोटीचाही आकडा दिलेला आहे. घरभाडे व गृहकर्ज वजा केल्यावर उरलेल्या उत्पन्नातील दहा टक्क्यांहून जास्त रक्कम ऊर्जेवर घालावी लागणारी कुटुंबे २०२३ मध्ये सुमारे ३६ टक्के होती.

देश तोच, वर्ष तेच, घरे तीच. एका फुटपट्टीने १३ आणि दुसरीने ३६. पहिल्या फुटपट्टीचाही उपयोग आहे. घरांची दुरुस्ती कुठे करावी हे तिच्यावरून कळते. पण भाववाढीचा घाव तिला दिसत नाही. म्हणून भाव आणि दारिद्र्य यांचा संबंध विचारताना पहिला प्रश्न हाच करावा लागतो, की फुटपट्टी कोणाच्या हातात आहे आणि ती काय मोजते.

आपल्याकडचे लपलेले दारिद्र्य

आपल्या देशात ब्रिटनची कसोटी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे प्रश्न घर गरम ठेवण्याचा आहे, इथे मुख्यतः अन्न शिजवण्याचा. आणि इथल्या गरिबाला एक वाट मोकळी आहे, जी लंडनच्या भाडेकरूला नाही. सिलिंडर परवडला नाही तर घरातली बाई सरपण गोळा करते, गोवऱ्या थापते. त्यामुळे भाव वाढला की गरिबाचा इंधनावरचा रोख खर्च कित्येकदा कमी होतो. कागदावर वाटते की कुटुंबाची बचत झाली. प्रत्यक्षात तो खर्च बाईच्या पाठीवर, डोळ्यांवर आणि फुप्फुसांवर गेलेला असतो. तिच्या मोळीचे बिल कोणत्याच निर्देशांकात लागत नाही.

म्हणून आपल्याकडे इंधन-दारिद्र्य मोजायचे तर वर्षाला किती सिलिंडर भरले गेले, हे पाहिले पाहिजे. गॅसवरच सगळा स्वयंपाक करणाऱ्या चार-पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला सात-आठ सिलिंडर लागतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे. या मापाने उज्ज्वला योजनेकडे पाहू.

१ मे २०१६ रोजी, कामगार दिनीच, उत्तर प्रदेशातील बलिया येथे ही योजना सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीव्या जोडणीचा समारंभ आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. पुढे जोडण्या दहा कोटींच्या वर गेल्या. ही कामगिरी लहान नाही, आणि ती नाकारण्याचा कद्रूपणा आम्ही करणार नाही. लाखो बायकांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शेगडी आली. पण शेगडी येणे वेगळे आणि ती रोज पेटणे वेगळे. उज्ज्वला कुटुंबाने वर्षाला सरासरी किती सिलिंडर घेतले? २०१९-२० मध्ये ३.०१. २०२१-२२ मध्ये ३.६८. २०२३-२४ मध्ये ३.९५ आणि २०२४-२५ मध्ये ४.४७. हे सरकारचेच आकडे आहेत. म्हणजे गरजेच्या निम्म्याच्या आसपास गॅस, बाकी चूल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने याच गोष्टीला पुष्टी दिली आहे. २०२१ च्या सुमारास सरकारी हिशेबाने गॅसजोडणीचे प्रमाण ९९ टक्क्यांवर पोहोचले होते. पण २०१९-२१ च्या पाहणीत स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्केच आढळली, आणि ग्रामीण भागात तर सुमारे ४३ टक्के. जोडणीचा आकडा आणि वापराचा आकडा यांच्यामध्ये जी दरी आहे, तिथेच भारतातले इंधन-दारिद्र्य दडून बसले आहे.

या आकड्यांतून भावाचा परिणामही वाचता येतो. मे २०२२ पासून उज्ज्वला ग्राहकाला सिलिंडरमागे २०० रुपये अनुदान मिळू लागले, ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झाले. मार्च २०२३ मध्ये त्याला अनुदान धरून ९०३ रुपयांना पडणारा सिलिंडर मार्च २०२४ मध्ये ५०३ रुपयांना पडू लागला. वापर ३.९५ वरून ४.४७ वर गेला तो या स्वस्ताईच्या वर्षात. भाव उतरला की चुलीचा धूर कमी होतो, याला आणखी कोणता पुरावा हवा? पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पाचशे रुपयांच्या सिलिंडरनेही सरासरी साडेचारपलीकडे गेली नाही. म्हणजे भाव उतरवणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. मजुरीच कमी असेल तर पाचशेची नोटही जड होते.

एकरकमी पैशाचा घोळ

असे का होते, हे सरकारी फायलींपेक्षा वाण्याच्या दुकानात लवकर कळते. हातावर पोट असलेला माणूस तेल पावशेर घेतो, साखर पावकिलो घेतो. रॉकेल तो अर्धा लिटर आणी. सरपण रोजच्यापुरते आणतो. गॅस मात्र एकदम १४ किलो घ्यावा लागतो आणि त्याचे सगळे पैसे त्याच दिवशी मोजावे लागतात. वर्षाच्या हिशेबात गॅस परवडेलही, पण महिन्याच्या २२ तारखेला सिलिंडर संपला तर हातात हजार रुपये असतातच असे नाही. पाच किलोचा लहान सिलिंडर आहे, पण तो मागेल तिथे आणि मागेल तेव्हा मिळाला तर उपयोग.

त्यात अनुदानाची रीत उलटी. जानेवारी २०१५ पासून देशभर ‘पहल’ योजना लागू झाली. त्याआधी सिलिंडर दारात स्वस्त मिळे. त्यानंतर पूर्ण भाव आधी मोजायचा आणि अनुदान मागाहून बँकेत. गळती थांबली, बनावट जोडण्या गेल्या, हे मान्य. पण ज्याच्या हातात आधी द्यायला पैसेच नाहीत, त्याला मागाहून मिळणाऱ्या पैशाचा काय उपयोग? उज्ज्वला ग्राहकावर आणखी एक ओझे होते. ज्यांनी शेगडी आणि पहिला सिलिंडर उधारीवर घेतला, त्यांचे अनुदान सुरुवातीला त्या उधारीतच वळते होत असे. म्हणजे गरिबातला गरीब ग्राहक, नेमका ज्या वर्षी गॅसची सवय लागायची, त्या वर्षी पूर्ण भावाने सिलिंडर घेत होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात सिलिंडर भरण्याच्या या कमी प्रमाणावर बोट ठेवले होते.

दुसरीकडे रेशनचे रॉकेल दूर जात होते. जुलै २०१६ पासून त्याचा भाव २५-२५ पैशांनी, आधी महिन्याला आणि मग पंधरवड्याला, चढवत नेला आणि २०२० च्या सुरुवातीपर्यंत त्यावरचे अनुदान शून्यावर आणले. रॉकेल हे काही आदर्श इंधन नव्हे, त्याची चोरी आणि भेसळही आपण पाहिली आहे. पण गॅस आणि सरपण यांच्यामधली ती एक पायरी होती. पायरी काढून घेतली आणि वरची फळी हाताला लागेना, तेव्हा माणूस खालीच राहिला.

सरकारची बाजू

सरकारचे म्हणणेही ऐकून घेऊ. आपल्याला लागणाऱ्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस आयात होतो आणि त्याचा भाव सौदी करारभावावर ठरतो. तो २०२०-२१ मध्ये टनाला सरासरी ४१५ डॉलर होता, २०२२-२३ मध्ये ७१२ डॉलर झाला. ही सारी वाढ ग्राहकावर टाकली नाही, तेल कंपन्यांनी तोटा सोसला, असे सरकार सांगते. ते खरे आहे. पण तोटा सोसलेल्या कंपन्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये २२ हजार कोटी रुपये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये भरपाई मंजूर झाली. कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातल्या आहेत, त्या जगल्याच पाहिजेत, आमचा त्या भरपाईला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की ज्या कुटुंबाने त्या दोन वर्षांत वाढीव भाव सोसला, त्याच्या तोट्याचे हिशेबपत्रक कोणी तयार केले? कंपनीचा तोटा मोजता येतो म्हणून तो भरला जातो. चुलीपुढच्या बाईचा तोटा मोजलाच जात नाही.

वीस टक्क्यांचे कोडे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९५७ साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. कामगार चळवळीचा तो मोठा विजय होता. त्यात माणशी २७०० उष्मांकांचे अन्न आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरले. इंधन, दिवाबत्ती आणि इतर किरकोळ बाबी मिळून मात्र एकूण किमान वेतनाच्या २० टक्के धरले. त्या काळी ते समजण्यासारखे होते. गावोगाव वीज नव्हती, रेल्वेच्या वसाहतींतही कोळशाच्या शेगड्या धगधगत होत्या, एका मापात इंधन बसवणे कठीण होते.

पण सातव्या वेतन आयोगाने २०१५ साली १८००० रुपये किमान वेतन काढले तेव्हाही तेच केले. अन्न, कापड आणि साबणसोड्याचा खर्च बाजारभावाने जोडला. इंधन, वीज आणि पाणीपट्टीसाठी २० टक्क्यांचा वाटा ठोकळ्याने धरला. रक्कम आली महिना सुमारे २३०० रुपये. २०२० साली वेतन संहितेच्या मसुदा नियमांतही इंधन, वीज व इतर किरकोळ बाबींसाठी पुन्हा तेच २० टक्के. त्रेसष्ट वर्षांत चूल गेली, शेगडी आली, दिवा गेला, मीटर आला, रॉकेल गेले, गॅस आला. टक्का तेवढा जागचा हलला नाही!

यात कामगाराचे नुकसान कसे, ते पाहा. टक्केवारीने इंधन धरले तर ते धान्याच्या आणि कापडाच्या भावावर बसते. डाळ स्वस्त झाली की हिशेबातले इंधनही स्वस्त होते, मग सिलिंडर अकराशेचा असला तरी. उलट कुटुंबाची गरज ठरलेली आहे. आठ सिलिंडर म्हणजे आठ सिलिंडर. पगार कमी म्हणून डाळ कमी वेळात शिजत नाही.

महागाई भत्ता ही वाढ भरून काढत नाही काय? काही अंशी काढतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात इंधन व दिवाबत्तीचे वजन २००१ पायाच्या मालिकेत ६.४३ होते. २०२० साली आलेल्या २०१६ पायाच्या मालिकेत ते ५.५० झाले. २०१६ हे वर्ष अनुदानित सिलिंडर सव्वाचारशेला मिळण्याचे. शिवाय हे वजन सरासरी कामगार कुटुंबाचे. ज्याचा पगार कमी, त्याच्या पगारातला इंधनाचा वाटा सरासरीपेक्षा जास्त, आणि म्हणून इंधन भडकले की त्याला भत्त्यातून मिळणारी भरपाई कमीच पडते. त्यातच भत्ता वर्षातून दोनदा आणि मागील महिन्यांच्या सरासरीवर. सिलिंडरचा भाव मध्यरात्री बदलतो.

आपल्यातलेच कोण

कोणी म्हणेल, कायम नोकरीतल्या रेल्वे वा टपाल कर्मचाऱ्याच्या घरी काही चूल पेटत नाही. बरोबर आहे. आम्ही कायम कामगाराला इंधन-दरिद्री म्हणत नाही. पण आपल्या खात्याची भिंत तिथे संपत नाही.

ग्रामीण डाक सेवकाचे उदाहरण घ्या. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या श्रेणीतील सहाय्यकाचा किमान मोबदला १०००० रुपये ठरला. मार्च २०२३ मध्ये ४२ टक्के महागाई भत्ता धरून १४२०० रुपये. त्या वेळच्या भावाने वर्षाला आठ सिलिंडर म्हणजे महिन्याला ७३५ रुपये. विजेचे बिल ६०० रुपये धरले तर एकूण १३३५, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. दहा टक्क्यांची रेघ हाताच्या अंतरावर. त्याच्याच गावात ठेकेदाराकडे दहा हजारांवर राबणारा मजूर तेवढाच गॅस आणि वीज वापरू पाहील तर त्याला तेरा टक्क्यांहून जास्त लागतील. रेल्वेचे डबे धुणारे, फलाट झाडणारे, पार्सल उचलणारे कंत्राटी कामगार याच वर्गातले.

आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतला म्हातारा? त्याची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये ठरली. मार्च २०२३ मध्ये सिलिंडर ११०३ रुपयांना होता. महिनाभराची पेन्शन एका सिलिंडरला १०३ रुपये कमी पडली. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

विजेचीही हीच कथा. महाराष्ट्रात २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला शंभर युनिटांपुढच्या युनिटांना पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त ऊर्जादर होता, वर १६ टक्के वीजशुल्क. कमी वापरणाऱ्याला कमी दर हे तत्त्व योग्यच. पण चाळीत एका मीटरवर तीन भाडेकरू असले की तिघांचा थोडा थोडा वापर मिळून वरच्या टप्प्यात जातो. गरीब तो, आणि दर श्रीमंताचा. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला हा अनुभव नवा नाही.

आमच्या मागण्या

आमच्या मागण्या मोजक्या आहेत.

पहिली, आठव्या वेतन आयोगाने आणि किमान वेतन ठरवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने इंधनाची गरज मापात धरावी. वर्षाला किमान आठ सिलिंडर आणि महिन्याला ठरावीक युनिटे वीज, यांची प्रचलित भावाने किंमत काढून ती वेतनात घालावी. २० टक्क्यांचा ठोकळा इतिहासजमा करावा.

दुसरी, देशातले इंधन-दारिद्र्य दरवर्षी मोजावे आणि आकडे प्रसिद्ध करावेत. जोडण्या किती दिल्या याबरोबर सहापेक्षा कमी सिलिंडर घेणारी घरे किती, हेही जिल्हावार सांगावे.

तिसरी, अनुदान सिलिंडर घेतानाच भावातून वजा व्हावे, आणि २०२५-२६ साठी उज्ज्वला ग्राहकाची अनुदानित सिलिंडरची मर्यादा बारावरून नऊवर आणली ती पुन्हा बारावर न्यावी. सरासरी साडेचारच लागतात म्हणून मर्यादा कमी करणे म्हणजे उपाशी माणसाला भूक कमी आहे म्हणून अर्धी भाकरी वाढण्यासारखे आहे.

चौथी, ग्रामीण डाक सेवक, कंत्राटी कामगार आणि किमान पेन्शनवर जगणारे निवृत्त यांना अनुदानाच्या कक्षेत घ्यावे आणि त्यांच्या मोबदल्याला इंधनाचे हेच माप लावावे.

या मागण्या परक्याच्या नाहीत. देशाचा कोळसा आणि गॅस वाघिणींतून वाहून नेतो तो रेल्वे कामगार. एप्रिल २०२२ मध्ये वीजकेंद्रांचा कोळसा संपत आला तेव्हा प्रवासी गाड्या रद्द करून कोळशाच्या गाड्या पुढे काढल्या, त्या आपल्याच बांधवांनी रात्रंदिवस राबून. खेड्यातल्या आजीचा अंगठा यंत्रावर घेऊन तिच्या खात्यातले अनुदान तिच्या हातात ठेवतो तो पोस्टमन आणि डाक सेवक. देशाची ऊर्जा आपल्या हातांतून जाते, आणि गरिबाच्या दारात ती पोहोचते की नाही हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

म्हणून शाखांनी पुढील सभेत हा विषय घ्यावा. आपल्या कार्यक्षेत्रातील डाक सेवक, कंत्राटी कामगार आणि निवृत्त यांच्या घरी गेल्या वर्षी किती सिलिंडर भरले गेले, याची साधी नोंद करावी. त्यासाठी संशोधक लागत नाही. गॅसच्या पुस्तकावरच्या किंवा मोबाइलवरच्या नोंदी पुरतात. नावे लिहू नयेत, आकडे लिहावेत. ते वेतन आयोगापुढच्या निवेदनाला जोडावेत. दिल्लीत जेव्हा आपले प्रतिनिधी वाटाघाटीला बसतील तेव्हा त्यांच्या हातात घोषणांबरोबर हे कागदही असू द्या. टक्केवारीशी टक्केवारीने भांडत बसण्याचे दिवस पुष्कळ झाले. आता सिलिंडर मोजूनच हिशेब मागू.